जुनी बंदूक, नवी बंदूक

धुळ्याला कॉलेजात असताना आमचा रविवार एका कॉम्प्युटर क्लासमध्ये जायचा. मशीनला धूळ चालत नाही म्हणून चपला दाराबाहेर काढायच्या आणि आत वायरीने जोडलेल्या चार कॉम्प्युटरवर चौघांनी एकमेकांना गोळ्या घालायच्या. क्लासचे मालक नाना आरडाओरडा तेवढा करू नका म्हणायचे.

आमच्यात खरा नेमबाज एकच, पारोळ्याकडचा माझा रूम पार्टनर. तो जिन्याच्या वळणावर दबा धरून बसायचा आणि आम्ही पटापट मरायचो.

मग नानांनी त्याच खेळाचा दुसरा भाग आणला. बंदुका नव्या, जिना गायब. मी हरखलो, नवीन काही दिसलं की माझे हात शिवशिवतात. रूम पार्टनर मात्र सारखा मरत राहिला. "बठ्ठं बदली टाकं," सगळंच बदलल्यावर तो अहिराणीत म्हणाला. "तुम्ही खेळा, मी दखस." पुढच्या रविवारी त्याच्या टायरच्या सोलच्या चपला दारात नव्हत्या. मला राग आला, आणि त्याच्यावाचून करमेनाही.

त्याच साली मुक्ताईनगरकडच्या आमच्या मळ्यात माझ्या वडिलांनी, आबांनी, प्रयोगशाळेतली केळीची रोपं लावली होती. विहिरीकडच्या ओळी मात्र जुन्या कंदांच्याच. नव्याचा घड हाती येईपर्यंत जुनी बाग पुरती मोडायची नाही, हा त्यांचा नियम. मला वाटलं, सापडलं! दोन मशीनवर जुना खेळ ठेवला, दोनवर नवा, आणि रूम पार्टनरला ओढून आणलं. झालं काय, तर दोघं इकडे, दोघं तिकडे, रिकाम्या खोल्यांतून एकमेकांना शोधत फिरलो. केळीच्या एका ओळीला दुसरीशी देणंघेणं नसतं. या खेळाला चौघंच लागतात, हे माझ्या केळीवाल्या डोक्यात आलंच नाही. रूम पार्टनर जांभया देत निघून गेला.

मग मी नव्या खेळातला एकेक पर्याय उघडून बघत बसलो. याने काय होतं, त्याने काय होतं? एका पर्यायाखाली जुना जिना निघाला, जुन्या बंदुकाही. पुन्हा त्याला आणलं, चौघं बसलो. त्याने आम्हाला असं धुतलं की विचारू नका. मरताना इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

मग त्यानेच हात थांबवला. "आते नवी बंदूक लाव."

"अरे, मरशील."

"मरसू ना. खोलीवर एकला बसापेक्षा बरं शे."

संध्याकाळपर्यंत तो मार खात होता. पुढच्या रविवारी मी पोचलो, तेव्हा त्याच्या चपला दारात आधीच होत्या.