पाठवणीचे उस्ताद

ट्रम्पेट ओठाला लावण्याआधी उस्ताद मिशीवरून बोट फिरवायचे आणि म्हणायचे, "आपल्याकडं बघू नका, ऐका." आता लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, डोक्यावर तुरा, एवढा थाट करून आलेल्या माणसाकडे बघायचं नाही म्हणजे काय! पण लातूरच्या आमच्या मंगल कार्यालयात मी मॅनेजर होतो, तेव्हा प्रत्येक लग्नात हे ऐकावंच लागायचं.

तरुणपणी ते नांदेडच्या मोठ्या बँडमध्ये होते. त्यांच्या ट्रम्पेटवर नाचता नाचता एका नवरदेवाचे काका घोड्याखाली येता येता वाचले, हे ते पदक मिळाल्यासारखं सांगायचे. मग डीजे आला. खिडक्यांच्या काचा थरथरू लागल्या आणि बँडचं काम गेलं. तरी उस्ताद टिकले, कारण डीजेवर नाचता येतं, रडता येत नाही. पाठवणीला लोकांना बँडच लागायचा. आयुष्यभर लोकांना नाचवत आलेला माणूस म्हातारपणी रडवायच्या कामाला लागला.

त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं लग्न आमच्याकडेच झालं. सासर निलंग्याचं. बँडच्या मालकानं बजावलं, "उस्ताद, आज तुमी पोरीचे बाप आहात. वाजवायचं न्हाई." उस्ताद बरं म्हणाले आणि दिवसभर नव्या सफारीत अवघडून, येईल त्याला हात जोडत फिरले.

दुपार कलली, पाठवणी निघाली. दुसऱ्या ट्रम्पेटवाल्यानं सूर धरला आणि तो घसरला.

"असल्या सुरावर जाईल व्हय माझी पोरगी?" माझ्या शेजारी उभे असलेले उस्ताद म्हणाले, आणि त्यांनी जाऊन त्याच्या हातातलं ट्रम्पेट हिसकावलंच.

तसं वाजवणं मी पुन्हा ऐकलं नाही. डीजेवालासुद्धा डोळे पुसत होता. मुलगी विचारत होती, "बाबा कुठायत?" लोकांनी बँडकडे बोट दाखवलं. ती त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. पण ते डोळे मिटूनच वाजवायचे; बघितलं की फुंक तुटते म्हणायचे. मी त्यांना हलवायला पुढे झालो, तर तिनंच हातानं मला थांबवलं. वाकली, त्यांच्या पावलांजवळच्या फरशीला हात लावून तो कपाळाला लावला आणि जाऊन गाडीत बसली.

सूर पुरता संपवून उस्तादांनी डोळे उघडले.

"गेली का?"

"हाव. आत्ताच," मी म्हणालो.

"पाया न्हाई पडली?"

"पडली."

ते किती तरी वेळ आपल्या पायांकडे बघत उभे होते.