जुन्या फायलीचं हिरवं बटण

माझ्या वडिलांचा माझ्यावर जेवढा विश्वास होता, त्याहून थोडा जास्तच माझ्या कम्प्युटरवर होता. इस्रायलमध्ये, बेर्शेबाच्या आमच्या मराठी ज्यूंच्या सिनेगॉगमध्ये प्रार्थना संपली की ते पायऱ्यांवर उभे राहून भेटेल त्याला सांगायचे, "आपली पोरगी एक बटन दाबते आनि दुसऱ्या दिवशी गावभर गाड्या सुटतात." मला अगदी ओशाळल्यासारखं व्हायचं. पण त्यात खोटं काही नव्हतं. मी ज्या छोट्या ऑफिसात कामाला होते, तिथून डायलिसिसच्या पेशंटांना घरून हॉस्पिटलात न्यायच्या गाड्या निघत. कुणाला कुठून घ्यायचं, कोण कितव्या मजल्यावर राहतं, कुणाला हात धरून खाली आणावं लागतं, हे सगळं एक्सेलच्या फायलीत असायचं. पहिल्या पानावरचं मोठं हिरवं बटण दाबलं की मॅक्रो, म्हणजे फायलीतला छोटा प्रोग्राम, चालायचा आणि प्रिंटरमधून प्रत्येक ड्रायव्हरसाठी एकेक कागद बाहेर पडायचा.

त्या वर्षी आमच्या नववर्षाच्या सणांच्या दिवसांत वडिलांच्याच किडन्यांनी दगा दिला. रविवार, मंगळवार, गुरुवार असं त्यांचं ठरलं. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, की गुरुवारनंतर थेट रविवार, म्हणजे मधली फट मोठी. तेवढ्यात अंगात पाणी साठतं, छातीवर येतं, तेव्हा काहीही झालं तरी रविवार चुकवायचा नाही. वडिलांना सुयांची भीती नव्हती. त्यांना एकच काळजी. "गाडी येनार ना गं, बाय?"

"पप्पा, गाडी मीच पाठवते ना!" मी म्हणाले.

नेमकी त्याच सुमारास आमची ती फाइल म्हातारी झाली होती. उघडायला वेळ घ्यायची, मध्येच गोठायची. नवं वर्ष, नवी फाइल, असं साहेबांनी ठरवलं. कम्प्युटरवाला रशियातून आलेला इंजिनिअर होता. तिकडे म्हणे पूल बांधायचा; इकडे आमचे प्रिंटर दुरुस्त करत होता. त्याने कोडची खिडकी उघडली. डाव्या बाजूला दोन्ही फायलींची नावं दिसत होती. जुन्या फायलीतलं मॅक्रोचं मोड्यूल, म्हणजे त्याचा सगळा कोड, माउसने पकडलं आणि ओढून नव्या फायलीत टाकलं.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच," तो म्हणाला. तिथूनच चालवून दाखवलं, बरोबर चाललं. पण नव्या फायलीला पहिलं पान नव्हतं आणि मला माझं हिरवं बटण हवं होतं. मग त्याने जुन्यातलं ते अख्खं पान उचलून नव्यात कॉपी केलं. दिसायला हुबेहूब तेच. मी खूश. जी नावं आता नको होती ती मी नव्या फायलीत घातलीच नाहीत. आमच्या पेशंटांतले एक मोरोक्कोकडचे आजोबा त्याच आठवड्याच्या सुरुवातीला वारले होते. आणि नवे पेशंट घातले, त्यांत माझे वडील; रविवारची त्यांची पहिलीच गाडी. गुरुवारी दुपारी रविवारसाठी बटण दाबलं, कागद ड्रायव्हरांच्या कप्प्यांत सारले आणि शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या सुट्टीच्या, बाजाराला पळाले. कागदांवर घाईत नजर टाकली होती. बहुतेक नावं रोजचीच होती, खटकण्यासारखं काही दिसलं नाही.

रविवारी सकाळी ऑफिसात पाय ठेवते तोच फोन. आमचा एक ड्रायव्हर महिनाभर मिलुइमला, म्हणजे फौजेच्या राखीव ड्यूटीला गेला होता, तो त्याच दिवशी कामावर परतला होता.

"तू मला कुणाच्या दारात पाठवलंस?"

कागदात नाव होतं म्हणून तो नेहमीसारखा जिने चढून वर गेला होता, आजोबांना हात द्यायला. दार त्यांच्या बायकोने उघडलं. हा हसत म्हणाला, "चला, तयार आहेत का?" शिवाचे, म्हणजे सुतकाचे, सात दिवस नुकते संपले होते, आरशावरचं कापड तसंच होतं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय! म्हणाली, ते गेले रे बाबा, पण तू एवढ्या पहाटे उठून आलास, चहा तरी घे. पुदिन्याचा चहा पाजला मला. मी तिथे रडलो." त्याने फोन आपटला.

आजोबांचं नाव मी घातलंच नव्हतं! फाइल उघडली, नाव नाही. बटण दाबलं. या वेळी मात्र डोळे पडद्यावर रोवून बसले. वरच्या पट्टीत क्षणभर नाव चमकलं ते जुन्या फायलीचं. कोड नव्या घरी आला होता, पण कॉपी केलेल्या पानावरचं बटण अजून जुन्या फायलीतल्याच मॅक्रोला बांधलेलं होतं. सासरी आलेल्या पोरीने मीठ किती घालू हेसुद्धा माहेरी विचारावं, तसं ते दर वेळी दाबलं की गुपचूप जुनी फाइल उघडत होतं, तिथलीच नावं छापत होतं आणि फाइल बंद करत होतं. त्या इंजिनिअरला दोन सणसणीत शिव्या हासडाव्यात म्हणून मी फोन उचलला, आणि तसाच हातात राहिला. जुन्या फायलीत मेलेला माणूस असेल, तर नवे पेशंट तिच्यात कुठून असणार?

घरी फोन लावला. आई म्हणाली, "ते कधीचे खाली जाऊन बसलेत." खिडकीतून बघ म्हटलं. बघून आली. "बाकावरच हायत. शेजारी आपल्या गाडीतून सोडतो बोलला, तर नको बोलले. माजी पोरगी गाडी पाठवते, गाडी आली आनि मी नसलो तर पोरीला बोल लागेल."

दुसऱ्या नव्या पेशंटकडे साहेबांनी स्वतःची गाडी पाठवली. मी टॅक्सी करून घरी सुटले. वडील बाकावर ताठ बसायचा प्रयत्न करत होते. मांडीवर पिशवी, पिशवीत स्वेटर. पाय सुजून बुटांच्या नाड्या सोडलेल्या. ओठ निळसर पडलेले. एका दमात एक शब्द, असं ते बोलत होते. "टॅक्सी... कशाला... आनलीस? गाडी... येईल ना."

"पप्पा, गाडी येणार नव्हती," मी म्हणाले. त्यांना कळलंच नाही. हॉस्पिटलापर्यंत ते दोनदा वळून मागे बघत होते, आमची गाडी येतेय का म्हणून.

वाचले. नर्सने दुसऱ्या पाळीत त्यांना खुर्ची दिली आणि मला हिब्रूत जे काही सुनावलं, ते मी निमूट ऐकून घेतलं. बटण त्याच दिवशी नव्या मॅक्रोला जोडलं. त्याला लागली दोन मिनिटं. ती दोन मिनिटं गुरुवारी कुणाला सुचली नाहीत, याचा मला आजही संताप येतो.

वडील मला कधी एका शब्दानेही बोलले नाहीत. पण सिनेगॉगच्या पायऱ्यांवरचं ते बटणपुराण बंद झालं. आणि गाडीचे कागद निघायचे त्या दिवशी, मी ऑफिसातून निघायच्या आत, त्यांचा फोन यायचा. "माजं नाव हाय ना गं? कागदावर बघितलंस?" मी कागद हातात घेऊन नाव वाचून दाखवायचे. ते संपूर्ण, बापाच्या नावासकट ऐकायचे आणि मग म्हणायचे, "बेसेदेर." ठीक. शेवटपर्यंत एकदाही हा फोन चुकला नाही.

ते गेले. शिवाहून उठून कामावर गेले, तेव्हा साहेबांनी सगळ्यांच्या देखत माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी म्हटलं, आधी मला फाइल उघडू द्या. त्यांची ओळ मी स्वतः काढली. मग मधल्या वर्षांतल्या जुन्या फायली शोधून त्यांतूनही काढली. तरी धीर होईना. दुसऱ्या दिवशी, गाडीच्या वेळेला, आईला फोन लावला.

"आई, सकाळी दारात कुणी आलं नाही ना?"

"नाय आलं," ती म्हणाली. "मी चहाचं आधन ठेवून बसले होते."