एक लंगडा, सात मोकळे

"मान अजून पाड. तोंड जरा उघडं ठेव. लाळ गळाली तर अजून भारी."

भाऊ मला शिकवत होते. पंचवटीतल्या आमच्या तालमीच्या हॉलमध्ये, ऑफिसच्या चाकाच्या खुर्चीत बसवून.

भाऊ म्हणजे आमच्या ग्रुपचे मालक. दुबईच्या मराठी मंडळात आमचा कार्यक्रम ठरला होता. आम्ही आठ जण. मी मिमिक्रीवाला. उजव्या पायात लोखंडी पट्ट्यांचं कॅलिपर, बगलेत कुबडी. लहानपणी इंजेक्शन चुकीच्या जागी बसलं आणि पाय गेला. पण मी चालतो. गावी, सायखेड्यात, शाळेला चालतच गेलो. या हॉलचे जिनेसुद्धा रोज चढतो.

भाऊंची आयडिया अशी, की माझ्या नावावर विमानतळावर व्हीलचेअर मागवायची. खुर्चीवाल्याला रांगेत थांबवत नाहीत, त्याच्यासोबतच्यांनाही नाही. "एक लंगडा, सात मोकळे," भाऊ म्हणाले.

सगळे हसले. आणि मी? मी मान पाडली. डोळे वर फिरवले. घशातून घरघर काढली. पोरं हसून लोळली.

ही माझी जुनी खोड. शाळेत पाहुणे आले की गुरुजी मला पुढं बोलवायचे. म्हणायचे, चालून दाखव. पोरं हसायच्या आत मीच दुप्पट लंगडायचो. मला वाटायचं, आता हे हसू माझं झालं.

हसणं थांबल्यावर भाऊंनी भरलेला फॉर्म दाखवला. स्वतः उभा राहू शकत नाही. संडासला एकटा जाऊ शकत नाही. मदतनीस म्हणून भाऊंचं नाव. कुबडी बॅगांसोबत विमानाच्या पोटात जाणार, कारण खुर्चीतल्या माणसाजवळ कुबडी दिसली तर संशय येतो.

 विमानात मी कुबडीशिवाय बसलोय, लघवीला लागलीय, आणि भाऊ झोपलेत. त्या दिवसापासून हेच सारखं डोळ्यांपुढं. त्याच्या आधी तपासणी. तिथल्या यंत्रात कॅलिपर वाजणार. साहेब म्हणणार, उभा रहा. उभा राहिलो तर फॉर्म खोटा. अडकणार मी, पासपोर्ट माझा. मला पोलिसाचा आवाज फर्मास काढता येतो. पण खरा पोलीस समोर आला तर मी कुणाचा आवाज काढू?

तीन दिवस जेवण गेलं नाय. चौथ्या दिवशी तालमीत सगळ्यांसमोर बोललो. 

"भाऊ, फॉर्म बदला. मला चालता येतं. कुबडी माझ्या हातात राहील."

भाऊंना वाटलं मी मस्करी करतोय. म्हणाले, कुणाचा आवाज आहे हा?

"माझा हाय."

मग त्यांचा चेहरा बदलला. "तुला काय वाटलं, तुझ्या आवाजासाठी घेतला? असे आवाज काढणारे नाशकात ढिगानं आहेत. तुझ्या पायासाठी घेतला तुला."

कुणीच हसलं नाय. माझ्याबरोबर रोज चहा पिणारी पोरं फोनमध्ये बघत बसली.

"मग दुसरा पाय शोधा," मी म्हणलो. "माझा पासपोर्ट द्या."

सगळ्यांचे पासपोर्ट भाऊंच्या ड्रॉवरमध्ये, रबर लावून. त्यांनी माझा काढला आणि फरशीवर टाकला. कॅलिपर घालून वाकायला वेळ लागतो. लागू दिला. उचलला, खिशात घातला आणि दारापर्यंत चाललो. दुप्पट लंगडलो नाय. जेवढा लंगडा हाय, तेवढाच.

दुबई गेली. भीती गेली नाय. विमानतळ अजून स्वप्नात येतो, तिथं कॅलिपर वाजतं. एक दिवस खरंच वाजेल. त्या दिवशी फॉर्म माझ्या हातानं भरलेला असेल आणि मी रांगेत उभा असेन, कुबडीवर. कुणी चालून दाखव म्हणलं तर दाखवणार नाय. मला जायचं असेल तेव्हाच चालणार.