तीन ढेपींचा तात्याबा

राहीबाईचा नवरा तात्याबा हा गुळव्या. पलूसच्या आसपास ऊस लावणारे पुष्कळ होते, पण काहिलीतला रस नेमका कधी उतरवायचा हे कळणारा माणूस पाच-सहा गावांत हा एकटाच. जरा आधी उतरवला तर गूळ पाझरतो, जरा उशीर झाला तर करपतो. तात्याबा उकळत्या रसाचा थेंब गार पाण्यात टाकायचा, बोटांनी त्याची गोळी वळायचा आणि पितळी तांब्याच्या काठावर मारायचा. टण्ण आवाज आला की हात वर. मग चौघांनी मिळून काहील उचलायची. गोळी मात्र त्याच्या तोंडात जायची. दिवसाला चार काहिली, चार गोळ्या, वर काहिलीच्या तळाचा खाल्लेला खरवडा आणि प्यालेला रस वेगळाच.

असा माणूस बारीक राहील कसा? अंगाने तो गुऱ्हाळाच्या दाराएवढा होता. गडी दरसाल दिवाळीच्या पाडव्याला एक खेळ करायचे. गूळ तोलायचा मोठा काटा तिवईला टांगायचा, एका पारड्यात तात्याबाला बसवायचं, दुसऱ्यात ढेपी रचायच्या. गुळव्या जड भरला म्हणजे साल भरभराटीचं जाणार, अशी त्यांची समजूत. त्रेचाळीस सालच्या पाडव्याला तीन ढेपी ठेवल्या तरी पारडं हलेना, वर आणखी गुळाचा एक लहान रवा ठेवावा लागला. गडी ओरडले, "तात्याबा, काटा मोडतोय रं!" राहीबाई रसाची घागर घेऊन उभी होती. पदर तोंडाला लावून हसली, पण मनात म्हणाली, दृष्ट लावतील मेले. घरी जाऊन मीठ-मोहऱ्या ओवाळल्याच तिने.

त्याच हंगामात काकवीचा एक शिंतोडा तात्याबाच्या डाव्या पायावर उडाला. असे चटके गुळव्याला नवे नसतात, आठ दिवसांत खपली धरते. हा चटका दोन महिने झाले तरी ओलाच. शिवाय तात्याबा पाणी फार पिऊ लागला. उशाशी ठेवलेली घागर सकाळी रिकामी. आणि तो जिथे लघवीला बसे तिथे मुंग्यांची रांग लागलेली राहीबाईने एका सकाळी पाहिली. गुळाच्या ढेपीला लागावी तशी रांग. तिला ते कुणाला सांगायचीसुद्धा लाज वाटली.

शेवटी सर्विस मोटारीने दोघं सांगलीला गेली. डॉक्टर म्हातारा होता, बोलायला तुटक. त्याने लघवी तपासली, तात्याबाला काट्यावर उभं केलं आणि म्हणाला, "गोड लघवीचा रोग आहे. याला सुई असते, पण लढाईमुळे इकडे मिळत नाही. गूळ, साखर, भात, भाकरी, चपाती, सगळं बंद. पालेभाजी, अंडी, मटण, ताक, मूठभर शेंगदाणे, एवढ्यावर राहायचं."

"भाकरी बी न्हाई?" तात्याबाने विचारलं.

"भाकरीसुद्धा नाही."

"मग जेवायचं कशासंगं?"

डॉक्टरने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. राहीबाईकडे वळून म्हणाला, "बाई, ताट तुम्ही वाढता. तेव्हा हे यांच्या हातात नाही, तुमच्या हातात आहे."

हे वाक्य राहीबाईने पदराला गाठ मारावी तसं धरून ठेवलं.

ज्या बाईने बावीस वर्षं नवऱ्याला चार-चार भाकरी थापून घातल्या, तिने रिकामं ताट कसं वाढावं? पहिले आठ दिवस ती ताट ठेवून परसात निघून जायची. ताटात पोकळ्याची भाजी, दोन अंडी, वाटीत ताक. भाकरीची जागा ओकीबोकी. तात्याबा त्या जागेकडे बघत जेवायचा. शेजारची चांदबी कोंबड्या पाळायची, ती रोज अंडी आणून द्यायची आणि बदल्यात शेंगा न्यायची. म्हणायची, "राहीबाई, तुझा नवरा माझ्या कोंबड्यांचा जावई झाला बघ. अंडं दिसलं की खुडूक कोंबडीसुद्धा वाट देते त्याला." तात्याबाला हसू यायचं, तेवढंच त्या ताटातलं चवीचं.

एकदा बेंदराला राहीबाईचं मन विरघळलं. तिने गुळाची कडाकणी करून त्याच्या ताटात ठेवली, एकच. तात्याबाने तिच्याकडे पाहिलं, कडाकणी उचलली आणि दारातल्या बैलाला घातली. म्हणाला, "राही, सण त्याचा हाय. माजा न्हाई." त्यानंतर तिने कधी मन विरघळू दिलं नाही.

आणि गुण येत होता हो! महिन्या-महिन्याला सांगलीच्या काट्यावर तीन शेर, चार शेर कमी. तहान गेली. मुंग्या गेल्या. पायाचा चटका आधी आटला, मग त्यावर गुलाबी कातडी धरली. डॉक्टर पहिल्यांदाच हसला आणि राहीबाईला म्हणाला, "शाबास." उभ्या जन्मात तिला कुणी शाबास म्हटलं नव्हतं. मोटारीत बसल्यावर तिने तात्याबाला ते तीनदा सांगितलं.

पण ज्या काट्याने सांगलीत शाबासकी दिली, त्याच काट्याने गावात घात केला. चव्वेचाळीसच्या पाडव्याला तात्याबा पारड्यात बसला. अडीच ढेपींतच पारडं वर गेलं. कुणी ओरडलं नाही. जळव्या गुंडा, चुलवाणात चिपाडं घालणारा, ढेप उतरवता उतरवता हळूच म्हणाला, "तात्याबा, खोकला बिकला येतो का रं?"

त्या दिवसांत माणूस वाळत चालला म्हणजे एकच रोग, क्षय. दुसरं नाव कुणाला माहीतच नव्हतं. तात्याबाने सांगून पाहिलं की हा गोड लघवीचा रोग आहे. गडी हसले. "गुळव्याचा रोग बी गोडच व्हय!" सांगून झाल्यावर तर लोकांना खात्रीच पटली, की खरं लपवायला हा काहीतरी बनवून सांगतोय. त्यातून गोळी वाजवून झाली की तो ती तोंडात टाकायच्याऐवजी बाजूला ठेवायचा. गुळव्या आपलाच गूळ खात नाही, हे कुणी ऐकलंय? गुऱ्हाळावर त्याचा तांब्या वेगळा झाला. पाणवठ्यावर बायका राहीबाईला ऐकवायच्या, "नवऱ्याला पाला घालतीस म्हणं? शेरडू पाळलंयस का गं?" संक्रांतीनंतर तात्याबाला गुऱ्हाळावर बोलावणं येईनासं झालं. रोगी माणसाच्या हातचा गूळ पेठेत कोण घेणार?

तात्याबाला त्याचं दुःख झालं, पण ते त्याने गिळलं. गिळता येईना ते दुसरंच. तानूचं लग्न.

तानू ही त्यांची एकुलती लेक. सोळावं सरत आलेलं. दोन ठिकाणची माणसं येऊन बघून गेली, मुलगी पसंत म्हणून गेली आणि परत निरोपच आला नाही. बापाची छाती बघून घ्या, असं गावातलंच कुणीतरी वेशीवर सांगत होतं. तानूला हे कळत होतं. बापाचं ताट वाढायची वेळ झाली की ती विहिरीवर जायची.

पंचेचाळीसच्या वैशाखात कोरेगावाकडचे लालासाहेब आले. मुलगा अर्जुना पलटणीत, महिन्याची रजा घेऊन आलेला, त्यातले दहा दिवस सरलेले. मुलाने तानूला पाहिलं, मान हलवली. लालासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला आणि तात्याबाकडे निरखून बघत म्हणाले, "पावनं, मी तुमाला सात-आठ सालामागं मसूर गावच्या बाजारात बघितलं हुतं. तवा गाडीत मावत न्हवतासा. आता लय वाळलासा की."

"वय झालं," तात्याबा म्हणाला.

"वय आमचं बी झालंय. आमी कुटं वाळलो?" लालासाहेब हसले, पण डोळे हसत नव्हते. "ऱ्हाऊ द्या. आपल्यात रीत हाय, व्याह्यानं व्याह्याच्या ताटात जेवायचं. एका ताटात जेवू, मग सुपारी फोडू."

रीत खरीच होती. पण लालासाहेब आज ती रीत काढून बघत होते. ज्याच्या छातीत रोग असेल तो भला माणूस दुसऱ्याच्या ताटात हात घालणार नाही, काहीतरी सबब सांगून उठेल. तात्याबा उठला तर सोयरीक मोडली.

पुरणपोळीचा स्वयंपाक होता. मोठ्या परातीएवढं ताट मांडलं. राहीबाई पोळ्यांची चळत घेऊन उंबऱ्यात आली आणि तिथेच थांबली. सव्वा वर्ष तिने या माणसाच्या ताटात गुळाचा खडा पडू दिला नव्हता. ती म्हणाली, "पावनं, ह्यास्नी जरा..."

"राही," तात्याबा म्हणाला, "पावनं ताटकळल्यात. वाढ."

तिने त्याच्याकडे पाहिलं. आत माजघरात बांगड्यांचा आवाज झाला, तानू दाराआड उभी होती. राहीबाई पुढे झाली आणि तिने स्वतःच्या हाताने वाढलं. एक पोळी, वर तुपाची धार. गुळवणी. मग दुसरी पोळी. तात्याबाने घास मोडला, गुळवणीत बुडवला, खाल्ला आणि त्याचे डोळे भरून आले.

"का वो?" लालासाहेबांनी विचारलं.

"लेक जानार," तो म्हणाला.

खरं सांगायचं तर त्याला ती पोळी फार गोड लागली होती. त्याने चार खाल्ल्या. लालासाहेबांनी त्याच्याच पोळीतला तुकडा मोडून खाल्ला आणि मोठ्याने म्हणाले, "कोन म्हंतं ह्यो मानूस आजारी हाय? सुपारी आणा!"

रजा संपायच्या आत लग्न उरकायचं होतं. बारा दिवसांत सगळं. आणि त्या बारा दिवसांत गावाने तात्याबाला जेवायला घातलं. व्याह्याने एका ताटात खाल्लं म्हटल्यावर रोगाची शंका संपली. ज्यांनी त्याचा तांब्या वेगळा केला होता, त्यांनीच केळवणाला बोलावलं. आज गुंडाच्या घरी शेवया, उद्या चुलत्याच्या घरी लापशी. एकाकडे जेवला आणि दुसऱ्याकडे नाही म्हणाला तर पुन्हा कुजबूज. राहीबाई म्हणाली, "आवं, एवढं लगीन हुतंय तवर. मग परत पाला."

"व्हय की," तो म्हणाला. "पोकळा कुटं पळून जातोय?"

हळदीच्या दिवशी तो उभ्या उभ्या दोन तांबे पाणी प्याला. राहीबाईने ते मोजलं नाही असं दाखवलं. अंगावर थोडी सूज आली होती, गाल भरले होते. मांडवात बायका म्हणाल्या, "बघा, पोटभर जेवला तर कसा टवटवीत झाला. राहीनंच उपाशी मारलं हुतं बाई." तानूने ते ऐकलं. बापाच्या पाया पडताना ती हसली, खूप दिवसांनी.

वऱ्हाड गेल्यावर तात्याबाने डाव्या पायातली वहाण काढली. गुलाबी कातडीची जागा फुटली होती आणि कडेने काळी पडली होती.

सांगलीच्या डॉक्टरने त्याला काट्यावर उभं केलं. "वजन वाढलंय," म्हणाला, आणि राहीबाईकडे बघितलं. तिने मान वर केली नाही. मिरजेला नेऊन पाय कापायला हवा, नाहीतर विष वर चढेल, असं त्याने सांगितलं. तात्याबा म्हणाला, "आता पुन्यांदा गुऱ्हाळावर बोलावल्यात मला. गुळव्या एका पायावं काहिलीपाशी कसा उभा ऱ्हाईल, डाक्टर?" राहीबाईने हात जोडले, रडली, चांदबीलाही समजावायला बसवलं. त्याने ऐकलं नाही. पोकळा आणि ताक पुन्हा सुरू झालं, पण आता त्याने गुण येईना. आषाढात तो गेला. शेवटी शेवटी सारखं पाणी मागायचा. एकदा म्हणाला, "राही, तानीला त्या पोळ्यांचं सांगू नगंस."

"काय न्हाई सांगत," ती म्हणाली.

एक साल घरात सण झाला नाही. दुसऱ्या दिवाळीला तानू आली, कडेवर आठ महिन्यांचा मुलगा. राहीबाईने पुरण घातलं. तानू चुलीपाशी बसून पोळ्या लाटू लागली. चार पोळ्या लाटून झाल्यावर म्हणाली, "आये, राग मानू नगंस. पर एक सलतंय. माज्या लग्नात आबा बारा दिस पोटभर जेवलं, तवा कसं दिसत हुतं गं! गाल वर आल्यालं. आनि तू त्यास्नी परत त्या पाल्यावं ठेवलंस. त्यानंच गेलं ते. मी सासरी गेली नसती तर मी जेवू घातलं असतं."

राहीबाईच्या हातातली पोळी तव्यावर थांबली. तिला डॉक्टरचं वाक्य आठवलं, ताट तुम्ही वाढता. नातू तिच्याकडे बघून हसला. त्याची जिवणी थेट तात्याबाची.

"व्हय गं बाई," ती म्हणाली. "चुकलंच माजं."

मग तिने पोळी उलटली, जरा करपली होती ती स्वतःसाठी बाजूला ठेवली आणि दुसरी तानूच्या ताटात वाढली. वर गुळवणी घातली. तानू जेवत होती तोवर ती समोर बसून राहिली.