भट्टीमागची चव

आमच्या दादाला कुणी काही सांगितलं की तो आधी नाही म्हणतो आणि मग ऐकतो. कधीकधी ऐकतही नाही. पाव भाजण्यात त्याचा हात धरणारा या रस्त्यावर कुणी नाही, हे खरं. पण त्यामुळे आपल्याला जगातलं सगळंच कळतं असा जो त्यानं समज करून घेतलाय, त्यानं माझं डोकं फिरतं. दुकान पुढून मी सांभाळते, मागची भट्टी त्याची. मी त्याची धाकटी बहीण, पन्नाशी उलटली तरी त्याच्या लेखी अजून चिमणीच. भट्टीपाशी त्यानं मला कधी उभं केलं नाही.

त्याचा मधुमेह जुना, त्यात दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, साखर खाली आणा, मगच ऑपरेशन. आणि अशीच चढी राहिली तर डोळ्याचा मागचा पडदा जाईल, मग ऑपरेशन करूनही उपयोग नाही. दादानं मान डोलावली आणि बाहेर आल्यावर मला म्हणाला, हे लोक उगाच घाबरवतात, मला चांगलं दिसतं. आदल्याच दिवशी एका गिऱ्हाइकानं काळा पडलेला पाव माझ्यापुढे आपटला होता. रस्त्यात भांडायची मला लाज वाटत नाही, पण तेव्हा मी पैसे परत करून मोकळी झाले.

मग आमच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंनी वेगळी वाट सांगितली. पाव, भात, बटाटा, साखर जवळजवळ बंद. पोट भरायचं ते अंडी, मासे, भाज्या, लोणी, तेल, दाणे यांनी. सगळ्यांना मानवतंच असं नाही, म्हणाल्या, आणि आपल्या मनानं सुरू करू नका. गोळ्या तशाच राहिल्या तर साखर एकदम उतरून माणूस कोसळतो. करायचं ठरलं तर मी गोळ्या कमी करीन आणि तुम्ही दर आठवड्याला तपासून घ्यायचं. नसेल पटत तर औषध वाढवू. विचार करून सांगा.

कसला विचार! घरात रणकंदन झालं नुसतं. पाववाल्यानं पाव सोडायचा तर लोकांना तोंड कसं दाखवायचं, हा त्याचा मुद्दा. लोकांची तोंडं दिसायला आधी डोळे लागतात, हा माझा. तो म्हणाला, बापानं जन्मभर पाव खाल्ला. मी म्हटलं, म्हणूनच साठीच्या आत गेला. तसा तो भरल्या ताटावरून उठला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं चहा बिनसाखरेचा मागितला, तेव्हा कळलं की स्वारी तयार झाली.

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या कमी केल्या आणि मी कंबर कसली. एरवी हातचं राखून लोणी वापरणारी मी, भाजीत गोळेच्या गोळे टाकायला लागले. स्वतःसाठी वेगळं कोण रांधणार, म्हणून मीही तेच गिळत होते आणि तेलकट वासानं जीव विटला होता. दादा मात्र हूं की चूं न करता सगळं संपवायचा.

आणि पहिल्याच तपासणीत साखर चढली! पुढच्या खेपेला आणखी चढली. ऑपरेशन पुढे ढकललं. मी डॉक्टरीणबाईंवर आवाज चढवला, की गोळ्या काढून घेतल्यात, माझ्या भावाला लोण्यात बुडवलंत आणि वर डोळेही जाणार. त्यांनी दादाला शांतपणे विचारलं, पाव अजिबात नाही ना? एक घास नाही, तो म्हणाला, बहिणीला विचारा. मी छातीवर हात ठेवून सांगितलं की माझा भाऊ खोटं बोलत नाही.

त्याच दुपारी आणखी एक गिऱ्हाईक करपलेला पाव परत घेऊन आलं. माझा संयम सुटला. तो पाव घेऊन मी तरातरा मागे गेले.

दादानं भट्टीतून पावांनी भरलेला एक पत्रा ओढला. त्यातला एक पाव उचलून नाकापाशी धरला, खिडकीकडे फिरवला, पुन्हा फिरवला. मग तोडून आतला मऊ भाग तोंडात टाकला आणि डोळे मिटून चावून गिळला. पुढच्या पत्र्यालाही तेच. त्याच्या पुढच्यालाही तेच.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “एक घास नाही, असं सांगून आलास ना रे?”

“चव बघतोय,” दादा म्हणाला. “हे खाणं कुठंय? हे काम आहे.”

त्याला खरंच तसं वाटत होतं. खोटं बोलला असता तर चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. आमचा बापही भट्टीतला पहिला पाव चाखल्याशिवाय माल पुढे पाठवत नसे, आणि त्याला कुणी कधी खाणं म्हटलं नाही. म्हणजे इकडे गोळ्या कमी, लोणी वारेमाप आणि वर पोटभर पाव. ज्या खाण्यावरून एवढं घर डोक्यावर घेतलं, ते आम्ही एक दिवसही करून पाहिलं नव्हतं.

तोंडाला येईल ते बोलले मी. बोलता बोलता ध्यानात आलं, की बाप एका भट्टीला एक पाव चाखायचा, हा प्रत्येक पत्र्यातला खातोय. का, म्हणून विचारलं. तो हाताचं पीठ झटकत राहिला. त्याला रंग दिसत नव्हता. भाजणी तो जिभेनं ओळखू पाहत होता. डोळे जात होते म्हणून पाव खात होता, आणि पावानं डोळे आणखी जात होते. आणि हे मला सांगायचं सोडून हा बाबा मूग गिळून बसला होता! त्याचा जास्त संताप आला.

मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि बोलायला त्यालाच लावलं. चाखण्याचं त्यानं खरंखुरं सांगितलं. उद्याच या, गोळ्या नव्यानं ठरवू, त्या म्हणाल्या, पण हे खाणं करायचंय की नाही ते आता नीट ठरवा. दादानं फोन ठेवला.

“करायचंय,” तो म्हणाला. “पण मग भट्टीचं काय?”

“चव मी घेणार.”

तुला भट्टीतलं काय कळतं, असं तो म्हणालाच. शिकव, नाहीतर भट्टीला कुलूप लाव, असं मीही सुनावलं, आणि पत्र्यातला एक पाव तोडून तोंडात घातला. तो हाताची घडी घालून माझी परीक्षा घ्यायला उभा. मीठ बरोबर आहे, आत ओलं नाही, मी सांगितलं. त्यानं हुंकार भरला, भट्टीकडे तोंड फिरवलं आणि एवढ्या हळू बोलला की मला चावणं थांबवावं लागलं.

“आणि रंग?”

ठीक आहे म्हणणं सोपं होतं. पण ती त्याचे लाड करायची वेळ नव्हती.

“करपलाय, दादा. एका अंगानं पार काळा आहे.”

त्यानं मान हलवली. लांब दांड्याच्या फळीनं पुढचा पत्रा आत सरकवला आणि भट्टीच्या तोंडापासून बाजूला झाला, मला उभं राहता येईल एवढा.

“बघत राहा, चिमणे,” म्हणाला. “झाला की सांग.”