वापसा नसताना घातलेलं मशीन

लोखंडी सळई जेमतेम वीतभर आत गेली आणि अडकली. मी दोन्ही हातांनी जोर लावला. ढिम्म.

"खाली दगड असेल," चीफ साहेब म्हणाले.

"दगड नाय सायेब," कडूबाई म्हणाली. "तुमचं मशीन गेलंय हितून."

तेव्हा मी एका साखर कारखान्यात शेतकी अधिकारी होते. रोज संभाजीनगरहून जायचे. चीफ साहेब माझे वरिष्ठ. कडूबाईचा मुलगा वाळूजला कंपनीत, त्यामुळे ऊस तीच बघायची. तिचा खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून येणारं पुढचं पीक, फुटतच नव्हता.

कारण उघड होतं. तोडणीच्या आदल्या दिवशी अवकाळी पाऊस पडला होता. जमीन काळी, वापसा आलेला नव्हता. वापसा म्हणजे पाणी ओसरून मातीत पुन्हा हवा खेळू लागणं. कडूबाई ऊस तोडणाऱ्या हार्वेस्टरला आडवी उभी राहिली होती. "चार दिस थांबा, रान लई वलं हाय." पण कारखान्याला ऊस कमी पडत होता. चीफ साहेबांनी फोनवरून हुकूम सोडला, मशीन घाला. ते धूड आणि भरलेल्या ट्रॉल्या दुपारभर त्या चिखलातून फिरल्या.

मी बांधालगत गेले. तिथं मशीन पोचलं नव्हतं. पाणी दोन्हीकडं सारखंच दिलेलं, पण इथं सळई हातभर सहज उतरली. मग चाकोरीत खड्डा खणला. विटेसारखा थर निघाला. मुळं त्यावर आपटून आडवी पसरलेली.

साहेबांनी मला गाडीपाशी बोलावलं. "रिपोर्टमध्ये हुमणी लिहा." हुमणी म्हणजे मुळं खाणारी अळी.

"खड्ड्यात एक तरी अळी दाखवा, साहेब."

"तुम्ही कारखान्याच्या की त्या बाईच्या?"

"दिसलं तेच लिहीन."

लिहिलंही. ते बाजूला पडलं. शेतात पाऊल न टाकलेल्या माणसानं हुमणी लिहून दिली. माझी बदली वजनकाट्यावर झाली. कडूबाईला ऑफिसात सुनावलं, "पुढच्या खेपेला औषध वेळेवर टाका." आजही ते आठवलं की माझं डोकं फिरतं.

मी सबसॉयलरसाठी हट्ट धरला. ते एक खोल जाणारं नांगरासारखं अवजार. घट्ट थर फोडतं, पण रान कोरडं असतानाच. उन्हाळाभर टाळाटाळ झाली. ते पाठवलं कधी, तर जूनमध्ये, पाऊस पडल्यावर, भल्यामोठ्या ट्रॅक्टरला जोडून!

कडूबाईचा फोन आला. "मॅडम, रान वलं हाय. काय करू?"

"पाऊल ठेवू देऊ नका."

पलीकडून ड्रायव्हर ओरडला, "साहेबांनी पाठवलंय!"

"मंग सायबाच्या अंगणात चालव," कडूबाई म्हणाली. ट्रॅक्टर परत गेला.

बुडखे माणसं लावून काढले. तिनं तूर लावली. तुरीची मुळं खोल जातात, घट्ट थर हळूहळू फोडतात. पहिल्या साली तीही खुरटीच राहिली. जमीन पुन्हा उसाला यायला काही वर्षं गेली. भरपाई मिळाली नाही. चीफ साहेब मानानं निवृत्त झाले.

तेव्हा शेतकऱ्यांना माझं एकच सांगणं. वापसा नसेल तर मशीन बांधावरच थांबवा. फोन कुणाचाही येवो.