सवीच्या आईचं कडवं

"मावशी, पोळ्या सोडून इथं काय करताय?"

क्लासच्या सरांनी भर मांडवात, समद्या पोरांदेखत विचारलं. लातुरात त्यांच्या क्लासच्या मेसमधी मी पोळ्या लाटत व्हते. त्या दिवशी क्लासचं गॅदरिंग. स्टेजवर एक नावाजलेला गायक भूकंपाचं गाणं म्हणत व्हता. मी पिठाच्या हातानं तशीच पुढं गेले अन् म्हणलं, हे गाणं माझं हाय.

सर हसले. गायकानं मला वळखलं. भूकंपानंतर आमच्या पत्र्याच्या शेडात आला व्हता, तवा ताई म्हणायचा.

"लोकगीत आहे ते, मावशी," गायक म्हणला. "कुणा एकाचं नसतं."

कुणा एकाचं नसतं! भूकंपात घर पडलं, त्यात माझी लेक सवी गेली. सहा वर्सांची व्हती. पत्र्याच्या शेडात ऱ्हात असताना मी ते गाणं रचलं. मला लिहिता येत न्हाई, समदं तोंडपाठ. आमच्यात रचणारा शेवटच्या कडव्यात आपलं नाव बांधतो, तीच त्याची सही. मला गावात समदे सवीची आईच म्हणायचे. मी तेच बांधलं:

सवीची आई म्हणे, माती उकरिते हाती
माझी निजली गं सवी, तिला जड झाली माती

हा गायक कॅसेटवाल्याला घेऊन आला. मी दोनदा म्हणून दाखवलं. शेजारीण म्हणली, कागद करून घे. मी म्हणलं, कागद कशाला, नाव हाय की आत. येडी मी.

पुढं अहमदपूरच्या स्टँडवर, चहाच्या हॉटेलात ती कॅसेट लागली. शेवटच्या कडव्याची वाट बघत उभी ऱ्हायले. ते आलंच न्हाई. दुसरं गाणं सुरू झालं. माझी गाडी निघून गेली तरी मी तिथंच. एकदा मातीनं नेली माझी सवी, एकदा ह्या कॅसेटवाल्यांनी. त्यानंतर लई वर्सं एक ओळ सुचली न्हाई.

"जा आता, जेवायची वेळ झाली," सर म्हणले.

न्हाई गेले. तिथंच उभी ऱ्हाऊन ते कडवं म्हणलं. माइक नव्हता. आवाज फाटला, रडू आलं, तरी पुरं म्हणलं. कुणी टाळी वाजवली न्हाई. गायक पेटीकडं बघत बसला. दुसऱ्या दिवशी मेसमधून मला काढलं.

आता दुसऱ्या मेसमधी लाटते. लाटता लाटता परत रचाया लागले. पण नाव आता शेवटी बांधत न्हाई. पहिल्याच ओळीत बांधते, अन् दर कडव्याला परत घेते. सवीची आई म्हणे, इथूनच माझं गाणं सुरू व्हतं. ज्याला ते गायचंय, त्यानं आधी माझ्या लेकीचं नाव घ्यावं. न्हाई तर गाऊ नये.